साबणाच्या डबीतला आवाज

रस्ता ओलांडून द्यायला कोणी पुढे आलं की अक्का आधी त्यालाच विचारायच्या, "तुम्हाला कुठं जायचंय?" समोरचा गोंधळायचा. "मला इथंच थांबायचंय," असं काहीतरी म्हणायचा. मग अक्का हसून म्हणायच्या, "सरी, बरं मग, मलाही." अक्का पांढरी काठी घेऊन कडेला उभ्या राहिल्या, म्हणजे त्यांना पलीकडेच जायचं असणार, असं बंगलोरच्या अख्ख्या मल्लेश्वरमनं ठरवून टाकलं होतं. त्या बिचाऱ्या कधी भाजीवालीची वाट बघत असायच्या, कधी नुसत्या सावलीला थांबलेल्या असायच्या. तेवढ्यात कोणीतरी त्यांचा दंड धरून त्यांना पलीकडे नेऊन सोडायचा आणि पुण्य पदरात पाडून पसार व्हायचा. "मग परत यायला दुसरा पुण्यवान शोधायचा," अक्का म्हणायच्या. "एका सकाळी तिघांची स्वर्गात सोय केली मी. ऑफिसला उशीर झाला तो माझा मला."

अक्का आमच्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होत्या. कारखाना सरकारी, रेडिओयंत्रणा बनवणारा. मी पुण्याहून इंजिनिअर होऊन तिथे रुजू झालो तो काळ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. कानडीचं एक अक्षर येत नव्हतं आणि घरची आठवण तर अशी येत होती, की सांगायची सोय नाही. दुसऱ्याच दिवशी एक्स्चेंजला फोन करून इंग्रजीत पुण्याचा नंबर मागितला. पलीकडून चक्क मराठीत उत्तर आलं, "कोण रे तू? पुण्याचं नाव इतक्या अभिमानानं घेणारा पुण्याचाच असणार." मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. त्या दिवसापासून शेवटपर्यंत मी त्यांच्यासाठी 'पुणेकर' होतो. माझं खरं नाव त्यांनी पगाराच्या कागदांपुरतं ठेवलं.

त्यांचं घराणं कित्येक पिढ्या बंगलोरातच होतं. महाराष्ट्र त्यांच्यापैकी कोणी पाहिलेला नव्हता, पण घरात बोलायचे मराठीच. त्या मराठीत मध्येच "स्वल्प थांब" यायचं, जेवताना पुरे म्हणायच्या ऐवजी "साकु" यायचं. मी एकदा शहाणपणानं त्यांची एक चूक दुरुस्त करायला गेलो. "तुझी मराठी बरोबर असेल," त्या म्हणाल्या, "पण माझी इथं तीनशे वर्षं चालते. तुझी इथं आठ दिवस चालली का, सांग."

देवानं डोळे नेले पण बदल्यात कान दिले, असं कोणी कौतुकानं म्हणालं की अक्कांचं डोकं फिरायचं. "देवानं काही दिलेलं नाही. सातव्या वर्षी गोवर आला, डोळे घेऊन गेला, बदल्यात काही ठेवून गेला नाही. कान तुझ्याएवढेच आहेत. तू वापरत नाहीस, एवढंच." कान वापरणं म्हणजे काय, हे त्यांच्या बोर्डाजवळ बसलं की समजायचं. कोण घाईत आहे, कोण खोटं बोलून रजा मागतोय, कोणाच्या घरी काही वाईट झालंय, सगळं पहिल्या "हॅलो"त त्यांच्या लक्षात यायचं. पण त्या ते कोणाला सांगायच्या मात्र नाहीत.

कामाचा त्यांचा नियम एकच होता. माहीत असेल ते सांगायचं, नसेल तर सरळ माहीत नाही म्हणायचं. आमच्या जनरल मॅनेजरनी एकदा त्यांना विचारलं, दिल्लीचे साहेब आत्ता जागेवर असतील का? "माहीत नाही सर," अक्का म्हणाल्या. "अहो, अंदाजे सांगा." "अंदाज तुम्ही करा सर, मी लाईन देते." साहेब दोन दिवस धुमसत होते. अक्कांना त्याचं काही नव्हतं. "माझ्या आवाजावर भरवसा ठेवून माणूस पलीकडं बोलायला लागतो," त्या मला म्हणाल्या. "तो भरवसा अंदाजानं जोडायचा नसतो."

जेवणाच्या सुट्टीत त्या खिशात मावेल एवढा रेडिओ कानाला लावून बसायच्या. एके दिवशी काठी टेकत त्या थेट आमच्या प्रयोगशाळेत आल्या. "पुणेकर, तुझं हॅलो टेस्टिंग, हॅलो टेस्टिंग माझ्या गाण्यात घुसलं." मी एक छोटासा ट्रान्समीटर जुळवून बघत होतो. ओशाळून माफी मागितली, तर त्या म्हणाल्या, "माफी बेड, नकोच ती. हे कुठवर ऐकू येतं?" फार तर वीस पावलं, मी म्हणालो. त्यांनी काठी टेकत दारापर्यंतची पावलं मोजली. मग म्हणाल्या, "वीस पावलं साकु. बसस्टॉप तेवढाच असतो."

त्यांच्या डोक्यात काय आलं होतं ते ऐकून मला माझीच लाज वाटली. रेडिओच्या कारखान्यात पगार घेणारे आम्ही एवढे इंजिनिअर, आणि हे सुचलं ऑपरेटरला. रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीचं काम डोळ्यांशी असतं. तीच पाटी जर हळू आवाजात स्वतःचं नाव सांगत राहिली आणि ज्याला हवं त्यानं ते स्वस्तातल्या खिशातल्या रेडिओवर ऐकलं, तर कोणाचा दंड धरायची गरज नाही. "स्टॉपनं स्वतःचं नाव सांगायला काय हरकत आहे?" अक्का म्हणाल्या. "दर माणसाला मी विचारते, हा कुठला क्रॉस, कितवी आडवी गल्ली? दर माणूस आधी हळहळतो, मग सांगतो. मला फक्त क्रॉस हवा असतो."

एस. पी. रोडवर, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तेव्हा आवाज साठवून ठेवणारी एक चिप नुकतीच मिळायला लागली होती. वीस सेकंदांचं बोलणं तिच्यात मावायचं. ती चिप, माझा ट्रान्समीटर आणि वर प्लॅस्टिकची साबणाची डबी. झालं यंत्र. आवाज अर्थातच अक्कांचा. कानडीत, ऑपरेटरच्या त्या स्वच्छ सुरात त्या म्हणाल्या, "हा पंधरावा क्रॉस. बेकरीसमोरचा बसस्टॉप." डबी बेकरीच्या फळीवर बसवली, वीज बेकरीचीच. पहिल्या दिवशी अक्का बसमधून उतरल्या, रेडिओ कानाला लावला आणि स्वतःच्याच आवाजानं त्यांना ठिकाण सांगितलं. त्या तशाच उभ्या राहून हसत होत्या. एक गृहस्थ त्यांचा दंड धरायला आले, त्यांना त्या म्हणाल्या, "बेड, बेड, मी पोचलेय." अक्कांना इतकं खूश मी आधी कधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

बेकरीच्या मालकांनी लगेच स्वतःसाठी एक रेडिओ आणला आणि दिवसभर "बेकरीसमोरचा" हा शब्द ऐकत बसले. चार दिवसांनी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पुढे 'इथे ताजी खारी मिळते' एवढं घालता येईल का? जागा आहे का आत? जागा होती. अक्का म्हणाल्या, "नाव साकु."

अशा चार डब्या झाल्या. एक बेकरीत, एक औषधांच्या दुकानात, एक शिंप्याकडे आणि चौथी मोठ्या रस्त्यावर एका ऑफिसच्या वॉचमनच्या खोलीत. त्या चौथ्या डबीचं खरं गिऱ्हाईक म्हणजे मुनियप्पा. तो रोज लांबच्या आनेकल गावाहून दोन बस बदलून यायचा आणि रस्त्यापलीकडच्या एका ऑफिसात वेताच्या खुर्च्या विणायचा. तोही अंध. आधी तो स्टॉपवर ओळखीचं कोणी येईपर्यंत तासन् तास थांबायचा. डबी बसल्यावर एकटा यायला लागला. अक्कांना रोज फोन करून कानडीत सांगायचा, "अक्का, आज पण तुम्हीच आणून सोडलंत." अक्का खोटंखोटं रागवायच्या. फोन ठेवला की मात्र काही क्षण त्यांचा हात रिसीव्हरवरच असायचा.

मग आम्हाला हाव सुटली. आम्हाला म्हणजे मला. एका सरकारी कचेरीत अर्ज केला, चार खेटे घातले. तिथले अधिकारी सज्जन होते. सहा महिने हे नीट चालवून दाखवा, मग पन्नास स्टॉपचं बघू, असं म्हणाले. जाता जाता विचारलं, "पण हे नुसतं नावच सांगतं?" त्यांना ते फारच किरकोळ वाटलं असावं. मला ती गोष्ट लागली. तशीही वीस सेकंदांच्या चिपमध्ये नाव सहा-सात सेकंदांत संपायचं आणि उरलेली तेरा सेकंदं नुसती मोकळी फिरायची. इंजिनिअरला रिकामी जागा बघवत नाही. मी अक्कांना म्हणालो, चौथ्या डबीत रस्ता कसा ओलांडायचा तेही सांगू. "नको रे," त्या म्हणाल्या. "नाव सांगावं. रस्त्याचं काय ते ज्याचं त्यानं ऐकावं. रस्ता रोज वेगळा असतो." मी हटून बसलो. नवख्या माणसाला उपयोग होईल, साहेबांवर छाप पडेल, पन्नास स्टॉप मिळतील. पन्नास म्हटल्यावर त्यांनी तो आकडा एकदा स्वतःशी म्हणून बघितला. मग म्हणाल्या, "सरी. पन्नाससाठी."

मी लिहून वाचून दाखवलं, त्यांनी ते कानडीत, वाचल्यासारखं स्पष्ट म्हटलं, "मधल्या कठड्यापर्यंत वाहनं फक्त उजवीकडून येतात. उजवीकडं शांत झालं की निघा." बरोब्बर तेरा सेकंदं. मी स्वतःवरच खूश होतो.

पाचव्या महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी मी पुण्याला निघालो. निघायच्या आदल्या दिवशी पेपरात वाचलं, की सोमवारपासून तो मोठा रस्ता एकेरी होणार, कठड्याच्या दोन्ही बाजूंना वाहनं एकाच दिशेनं, म्हणजे स्टॉपकडच्या बाजूला आधीच्या उलट, सोडणार. वाचून मी काय केलं? स्कूटरवरून मला आता किती लांबचा वळसा पडेल त्याचा हिशेब केला आणि चडफडलो. एवढंच केलं. डबीची आठवण मला झाली नाही. मी ती बातमी स्कूटरवाला म्हणून वाचली आणि पेपर घडी करून ठेवला. अक्कांना घरी त्यांच्या वहिनी रोज पेपर वाचून दाखवायच्या, पण त्या ठळक बातम्या तेवढ्या. अक्कांना स्वतःला तो रस्ता ओलांडावा लागत नसे.

सोमवारी सकाळी पोलिसांनी रस्त्यावर मोठाल्या पाट्या लावल्या. मुनियप्पा नेहमीच्या वेळेला आला, रेडिओ लावून उभा राहिला. उजवीकडं शांत झालं. होणारच, तिकडून आता काही येतच नव्हतं. तो निघाला आणि डावीकडून आलेल्या व्हॅनखाली सापडला.

मी गुरुवारी परतलो. अक्कांना त्याच सकाळी बातमी कळली होती. अक्का मला त्या जागी घेऊन गेल्या. कोणाला न विचारता त्यांनी रेडिओ कानाला लावला. मला त्यांच्या शेजारी उभं राहून आतला आवाज बारीक ऐकू येत होता. तीच खात्री, तोच गोड सूर. डावीकडून वाहनांचा नुसता लोंढा येत होता आणि अक्का सांगत होत्या, उजवीकडं शांत झालं की निघा. त्यांनी ते तीनदा ऐकलं. मी म्हणालो, "अक्का, बंद करा." त्या म्हणाल्या, "स्वल्प थांब." आणि चौथ्यांदा ऐकलं.

मुनियप्पा वाचला होता, पण उजवा पाय गुडघ्यापासून गेला. पोलिसांनी लिहून घेतलं, आंधळा माणूस एकटा निघाला, चूक त्याची. डबीचं कोणाला सुचलंही नाही. मला मात्र ते सुचलं, आणि मी जे बोललो ते आठवलं की आजही अंगावर काटा येतो. मी म्हणालो, "अक्का, कोणाला माहीत नाही. मी आज ती तेरा सेकंदं पुसतो. नुसतं नाव ठेवतो. सहा महिने भरायला थोडेच दिवस राहिलेत. पन्नास स्टॉपचा विचार करा."

"मला माहीत आहे ना," अक्का म्हणाल्या.

त्यांनी मला कागद घ्यायला लावला आणि कचेरीला पत्र सांगितलं. आमच्या डबीनं चुकीचं सांगितलं, त्यामुळे हे झालं. आवाज माझा होता. खाली सही स्वतःची केली. शब्द कोणी लिहून दिले होते, ते पत्रात घालू दिलं नाही. निदान नावांपुरत्या डब्या राहू देत, म्हणून मी हातापाया पडलो. "नावही नको," त्या म्हणाल्या. "उद्या स्टॉपच उचलून पुढं नेतील. आणि मी मागंच बोलत राहीन." अधिकाऱ्यांनी पत्र वाचलं, बरं झालं आधीच कळलं असं म्हणाले, आमचे आभार मानले आणि फाईल बंद केली. आमच्यामागे तसा प्रयत्न त्या कचेरीत कोणी पुन्हा केल्याचं मला माहीत नाही.

चारही चिपा अक्कांनी माझ्याकडून पुसून घेतल्या. त्या प्रयोगशाळेत रेडिओ कानाला लावून बसल्या आणि एकेक तपासत गेल्या. "अजून आहे." मग थोड्या वेळानं, "आता गेला."

पुढच्या महिन्यात आम्ही आनेकलला गेलो. मुनियप्पा भावाच्या घरी पडवीत खाटेवर बसलेला होता. कुबड्या भिंतीला टेकून ठेवल्या होत्या, पण एका हातात कुबडी आणि दुसऱ्या हातात पांढरी काठी हे त्याला जमत नव्हतं, म्हणून तो कुठे जातच नव्हता. त्यानं अक्कांना आवाजावरून ओळखलं आणि त्याला इतका आनंद झाला, की मला तिथून पळून जावंसं वाटलं. रागाचा एक शब्द नाही. कॉफी पिता पिता अक्कांनीच विचारलं, "मुनियप्पा, तुला डावीकडून काही ऐकू आलं नव्हतं?"

"आलं ना अक्का," तो अगदी सहज म्हणाला. "व्हॅन जवळची वाटत होती. नेहमीपेक्षा फारच जवळची. पण तुम्ही सांगत होता, निघा म्हणून. मला वाटलं, माझेच कान चुकत असतील."

अक्कांनी कॉफीचा पेला खाली ठेवला. येताना बसमध्ये दोन तास आम्ही शेजारी बसलो होतो. रेडिओ त्यांनी एकदाही कानाला लावला नाही.

त्यानंतर त्या बोर्डावर बसायच्या, लाईनी द्यायच्या, पण कोणाशी जास्त बोलायच्या नाहीत. मला पुणेकर म्हणायच्या, पण त्यातली थट्टा गेली होती. वर्ष-दीड वर्षानं कारखान्यात स्वयंचलित एक्स्चेंज आलं. ऑपरेटरची गरज नाही. फोन केला, की ध्वनिमुद्रित आवाज सांगणार, अमक्या विभागासाठी अमुक आकडा दाबा. ज्यांना अक्कांनी एकेकाळी दोन दिवस धुमसत ठेवलं होतं तेच जनरल मॅनेजर स्वतः चालत त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, तो आवाज तुमचाच हवा, दुसरा कोणाचा आम्हाला चालणार नाही. इतका मान कारखान्यानं दुसऱ्या कोणाला दिलेला मी बघितला नाही. अक्का उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "क्षमा करा सर. मी जिथं नाही तिथं माझा आवाज ठेवायचा नाही." बाहेरून एक मुलगी आणून तिच्या आवाजात ते करून घेतलं. अक्कांना कोपऱ्यात एक टेबल दिलं, त्यावर फोन नव्हता. त्या रोज वेळेवर येऊन तिथे हात जुळवून बसायच्या. मी त्या बाजूनं जायचं टाळायला लागलो. हे मी कोणापाशी कबूल केलेलं नाही, पण टाळायला लागलो हे खरं.

त्याच वर्षी मी नोकरी सोडून पुण्याला परत आलो. निघताना त्यांना भेटलो, पाया पडलो. "नीट जा," एवढंच म्हणाल्या. दोन वर्षांनी काही कामानं कारखान्यात फोन केला, त्या मुलीच्या आवाजानं मला चार विभाग फिरवून आणलं आणि शेवटी कोणीतरी सांगितलं, की अक्कांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मग मी त्यांच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला.

"अक्का फोनवर येत नाहीत हो आता," त्या म्हणाल्या. "कोणाशीच बोलत नाहीत. बाहेरही जात नाहीत." मी फोन ठेवणार, तोच त्या म्हणाल्या, "स्वल्प थांबा. रिसीव्हर त्यांच्या कानाला लावते. तुम्ही बोला. त्या बोलायच्या नाहीत, पण ऐकतील."

इतकी वर्षं जे बोलायचं होतं ते मी बोललो. ती तेरा सेकंदं माझी होती, अक्का. तुम्ही नको म्हणाला होता. पेपर मी वाचला होता. पत्रात माझं नाव घालायला हवं होतं. मी बराच वेळ बोलत होतो. पलीकडे श्वास ऐकू येत होता, बाकी काही नाही. मग फोन ठेवला गेला, अगदी हलक्या हातानं. तो अक्कांनी ठेवला की वहिनींनी, हे मला आजतागायत कळलेलं नाही.